मास्तरकीला हसणाऱ्या दोस्तांना

दोस्तहो, मागल्या बैठकीत माझ्या बहिणीचा विषय निघाला. जतला डी.एड. करून बसलीय. टीईटी पास आहे, टेट दिलीय, यादीची वाट बघतेय. ऐकून एकजण फिसकन हसला. म्हणाला, ‘झाली का तुमच्यातपण मास्तरीण! आता प्लॉट, सोसायटीचं कर्ज, आणि आपण वर्गणीला गेलो की घराला कुलूप.’ सगळे हसले. मी गप बसलो. गोदीतनं डबल पाळी ओढून आलो होतो, भांडायला दम नव्हता. आज भांडतो.

असे मास्तर आहेत, नाही कशाला म्हणू? राखीव जागेवर चिकटले आणि वस्तीकडं पाठ केली. पण म्हणून मास्तरकीच पांढरपेशी ठरवून मोकळं व्हायचं? मग रामजी सुभेदारांचं काय करता? लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होता तो माणूस. बाबासाहेबांच्या घरात पुस्तक काय आभाळातनं पडलं नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाचा निबंध छापून आला, तो लिहिणारी मुक्ता फुल्यांच्या शाळेतली पोर होती. बाबासाहेब स्वतः १९१८ साली सिडनहॅममध्ये प्रोफेसर झाले, तर तिथं त्यांच्या पाण्याच्या भांड्यावरनं सहकाऱ्यांची पोटं दुखली. आणि आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ? दीड दिवसात शाळा संपली त्यांची. कुणाच्या छडीनं संपली ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या खुर्चीवर कोण बसतो ही बारीक गोष्ट नाही.

माझंच सांगतो. आम्ही जत तालुक्यातले, उमदीच्या अंगाचे. घरात कानडी. बाप हमालीसाठी जत गावात आला आणि मला मराठी शाळेत घातलं. गुरुजी काय विचारतात ते कळायचं नाही. त्यांनी मला मुका समजून दाराशी, चपलांजवळ बसवलं. वर्षभर. मी मुका नव्हतो. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी.

आई दिवाळीनंतर कोयता घेऊन कृष्णाकाठच्या फडात जायची. उचल घेतलेली, मग पोरं पण बरोबर. धाकटी तिथंच मास्तरीण झाली, डी.एड. फार नंतरचं. रात्री चूल विझली की राख पसरायची आणि टोळीतल्या पोरांना काडीनं अक्षरं गिरवायला लावायची. आधी कानडीत समजवायची, मग मराठीत म्हणून घ्यायची. आई थकून पडलेली असायची, पण म्हणायची, राख उद्या सारवू, आज राहू दे.

अशा पोरीला सरकार काय देतं? २०१२ साली भरती बंद केली. मग २०१७ ला अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल. पुढची चाचणी थेट २०२३ ला. एकवीस हजारांवर जागांची जाहिरात निघाली, फेब्रुवारी २०२४ च्या यादीत अकरा हजारांच्या आसपास नावं. मधल्या काळात टीईटीचा बाजार मांडला, डिसेंबर २०२१ ला परीक्षा परिषदेचा आयुक्तच पोलिसांनी उचलला. निवड झाली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० रुपये. आणि जुलै २०२३ ला ह्याच सरकारनं निवृत्त मास्तरांना २०,००० देऊन परत बोलवायचं ठरवलं! पेन्शन वर वेगळीच.

पोर्टलला मी शिव्या घालणार नाही. ते निदान डोनेशन मागत नाही. एका संस्थेनं बहिणीच्या नोकरीचे बारा लाख सांगितले होते. बाप म्हणाला, बारा लाख असते तर मी संस्थाच काढली असती.

पण पोर्टलला राखेवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि भाषाही दिसत नाही. २०२४ साली जतच्या कानडी शाळांवर मराठी मास्तर धाडले, कर्नाटकातनं ओरड झाली. म्हणजे माझ्याच गोष्टीची उलटी बाजू. पोरगं तेच, दाराशी बसलेलं. पाण्यासाठी २०१२ ला चाळीसेक गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला, २०२२ ला तिकडच्या मुख्यमंत्र्यानं तो उकरून काढला, आणि दोन्हीकडचे पुढारी जत आमचं, जत आमचं म्हणून छाती बडवत होते. चपलांजवळचं पोरगं कुणाचं, हे एकानंही विचारलं नाही.

मी दहावीवर थांबलो, गोदीत लोखंडाच्या कॉइली बांधतो. कविता करतो, त्यावर तुम्ही टाळ्या वाजवता. बहीण राखेवर अक्षरं काढते त्याला हसता. हा काय न्याय आहे?

पुढच्या रविवारी माझी पाळी नाही. बैठकीत मी ठराव मांडणार: जत तालुक्यातल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांची शाळावार, माध्यमवार यादी माहितीच्या अधिकारात मागवायची, आणि ती घेऊन सांगलीला जिल्हा परिषदेच्या दारात बसायचं. अर्जाचे दहा रुपये मी देतो.