एकमत होते कुठे?



परराष्ट्र धोरणावर टीका केल्याने देशाच्या एकजुटीला तडा जातो, राष्ट्रनिर्माते कसे एका सुरात बोलत, असे सांगणारे पत्र वाचले. हा सूर पत्रलेखकांना कुठे ऐकू आला, कोण जाणे! 7 नोव्हेंबर 1950 रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना सविस्तर पत्र लिहून तिबेट आणि चीनबाबत सावध केले. लिहिणारा उपपंतप्रधान होता, विरोधक नव्हे.

डॉ. आंबेडकर तर सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. त्यामागचे कारण म्हणून हिंदू कोड बिलाची आठवण सगळे काढतात. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणही होते. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे 180 कोटी लष्करावर खर्च होतात, कारण आपल्याला भरवशाचे मित्र नाहीत, असा त्यांचा हिशेब. त्याच निवेदनातला काश्मीरच्या फाळणीचा त्यांचा तोडगा मला पटत नाही, पण तो मांडल्याने देश दुभंगला नाही.

एकजुटीला खरा धोका त्यांना दिसला तो जातींत. घटना समितीतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी जातींनाच राष्ट्रविरोधी म्हटले. पत्रलेखकांनी ते भाषण एकदा मुळातून वाचावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा