डिस्क फॉरमॅट करा म्हणणाऱ्याचा हात आधी धरा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा. विषय कॉम्प्युटरचा असला तरी प्रश्न तुमच्या-आमच्या कागदपत्रांचा आहे.

आपल्या भागातल्या एका सार्वजनिक कार्यालयातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. आत काही वर्षांच्या स्कॅन केलेल्या नोंदी. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर सूचना आली की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. साहेबांनी मान डोलावली, त्यानं बटण दाबलं. आता नोंद मागायला जाणाऱ्याला एकच उत्तर मिळतं: "डेटा करप्ट झाला."

करप्ट काही झालेलं नव्हतं. तो जुना कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. तिथल्या कारकुनाला हे माहीत होतं, पण त्याला विचारतो कोण?

विंडोज डिस्कवर एनटीएफएस नावाच्या पद्धतीनं फायली मांडतं. लिनक्सची नेहमीची पद्धत एक्स्ट-४. मॅकची आणखी वेगळी. विंडोजला एक्स्ट-४ आपणहून वाचता येत नाही, आणि न वाचता आलेल्या डिस्कला ते सरळ "फॉरमॅट करा" म्हणतं. मोडी न येणाऱ्यानं जुना दस्त हातात घेऊन "यात काही लिहिलेलंच नाही, टाका चुलीत" म्हणावं, तसला हा प्रकार.

यावर उपाय काय होता? लिनक्स टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडायची आणि फायली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या. लिनक्स फुकट मिळतं. डिस्क धड असेल तर काम एका दुपारचं.

उलटा घोळही रोज होतो. विंडोजची डिस्क लिनक्सला जोडली की ती उघडत नाही, किंवा उघडली तरी काही लिहू देत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. त्यात शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. डिस्कवर "काम चालू आहे" अशी खूण राहते. ती पाहून लिनक्स हात आखडता घेतं, आणि ते बरोबरच करतं. अशा वेळी डिस्क पुन्हा विंडोजमध्ये लावा, शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन करा, गरज पडली तर विंडोजचीच डिस्क तपासणी चालवा. जबरदस्तीनं उघडायला जाऊ नका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र सगळं थांबवा आणि जाणकाराला गाठा.

काही जण म्हणतील, "मग लिनक्स लावायचंच कशाला? सगळीकडे विंडोज ठेवा." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. कितीतरी जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. ती मशीन एकतर लिनक्सवर जाणार, नाहीतर भंगारात. म्हणजे डिस्क काढा-जोडीचे हे प्रसंग वाढणार आहेत. आणि एनटीएफएस एका कंपनीची मालमत्ता असूनही लिनक्सवाल्यांनी ती वाचायची-लिहायची सोय स्वतः करून घेतली. २०२१ मध्ये तर तिचा नवा ड्रायव्हर थेट लिनक्सच्या गाभ्यात आला. मग दोष कुणाचा?

दिल्लीनं २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं, २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचं. कागद छान आहेत. पण तालुक्याच्या टेबलावर ते पोचलेत का? सार्वजनिक अभिलेखांच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात कॉम्प्युटरनं तयार केलेली सामग्रीही अभिलेखात मोडते. महाराष्ट्राचाही २००५ चा अभिलेख कायदा आहे. कागदी फाइल गहाळ झाली की निदान या कायद्याचा धाक दाखवता येतो. डिस्क पुसली गेली की मात्र "तांत्रिक अडचण" म्हणून सगळे मोकळे! रजिस्टर जाळलं असतं तर साहेब इतके निवांत बसले असते का?

मागण्या साध्या आहेत. लेखी आदेश आणि पडताळून पाहिलेली प्रत हातात असल्याशिवाय कुठलीही सरकारी डिस्क फॉरमॅट होऊ नये. प्रत्येक मशीनवर आत कोणती सिस्टीम आहे याची चिठ्ठी चिकटवा. देखभालीच्या करारात डेटा वाचवण्याची अट घाला, नुसती मशीन चालू करून देण्याची नको. आणि दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

तुम्हीही एक करा. आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात विचारा: देखभालीवर वर्षाला किती खर्च होतो, आणि नोंदींची शेवटची प्रत कोणत्या तारखेला घेतली? काय उत्तर येतं ते कमेंटमध्ये टाका. एकेका कार्यालयाचं नाव घेऊन पाठपुरावा करू.