चिमणीचे बिऱ्हाड

पुण्याच्या पेठांतून गेल्या काही दशकांत जे वाडे जमीनदोस्त झाले, त्यांच्याबरोबर माणसांची बिऱ्हाडे हलली आणि त्यांना कोठे ना कोठे पर्यायी जागाही मिळाली. परंतु ज्या बिऱ्हाडांची नोंद कोणत्याही भाडेपावतीवर कधी झाली नव्हती, त्या चिमण्यांच्या बिऱ्हाडांचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. तुळयांच्या सांधी, माळवदाखालची भोके, दिवाणखान्यातील तसबिरींच्या मागचा कललेला आडोसा, ह्या सर्व जागा चिमणीने पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीच्या हक्काने भोगल्या होत्या. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत तिला चोच खुपसण्याइतकीही फट उरलेली नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी लाकडी घरट्यांचा प्रसार हाती घेतला आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला, त्यामागील निकड हीच होती.

सहकारनगरातील माझ्या घरामागच्या अंगणात अशीच एक पेटी यंदा मी तयार केली आणि तिच्या छताखाली एक लहानसा कॅमेरा बसविला. त्यात कॅमेऱ्याचे स्थान दुय्यम आहे. यंत्राच्या सोयीसाठी पक्ष्याची गैरसोय झाली तर त्या निरीक्षणाला काही अर्थ राहत नाही, असे माझे मत आहे. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून आणलेल्या पाऊण इंची फळ्या, त्यांना आतून रंग नाही की वार्निश नाही. प्रवेशाचे भोक सव्वा इंचाचे, म्हणजे चिमणीला मुभा आणि साळुंकीला मज्जाव. भोकाखाली बसण्याची दांडी मुद्दामच नाही, कारण चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला मात्र ती उपयोगी पडते. तळाला पाणी निथळण्यासाठी छिद्रे, छपराखाली हवेसाठी फटी, आणि तोंड ईशान्येला, कारण वैशाखातले पश्चिमेचे ऊन पेटीत कोंडले गेले तर उघड्या अंगाच्या पिलांचा निभाव लागणे कठीण. कॅमेऱ्यासाठी सवलत दिली ती एवढीच, की पेटीची उंची थोडी वाढविली.

बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक आणि अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा, दोन्ही मिळतात. ह्या कॅमेऱ्याचे भिंग मुळात दूरच्या दृश्यासाठी जुळविलेले असते. वीतभर अंतरावरची अंडी स्पष्ट दिसावयाची तर ते हलक्या हाताने फिरवून घ्यावे लागते, आणि तळाशी छापील कागद ठेवून त्यावरील अक्षरे वाचता येईपर्यंत हे काम घरातच उरकावे लागते. अंधारासाठी ९४० नॅनोमीटरचे दिवे योजले आहेत. त्यांचा प्रकाश चिमणीच्या दृष्टीस पडत नाही, कॅमेऱ्याला मात्र पुरतो. माघातच हा सारा बंदोबस्त पुरा करून पेटी भिंतीवर चढविली, आणि त्यानंतर तिला हात लावलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच गणले आहे. हौसेने घरट्यापाशी वारंवार डोकावणाऱ्या सुशिक्षितांनी ते कलम एकदा अवश्य वाचावे.

पक्ष्याला न कळता त्याच्याजवळ राहण्याची ही विद्या आपल्या प्रांताला नवी नाही. १९३० साली, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील नोकरी संपुष्टात आल्यावर, सालिम अली अलिबागजवळच्या किहीम येथे मुक्कामास होते. तेथे सुगरणीच्या वसाहतीसमोर शिडीवर कापडी आडोसा उभारून ते त्यात तासन्‌तास बसत. अर्धवट विणलेले घरटे मादीने पसंत केले की नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीच्या आशेने नवे घरटे विणावयास घेतो, हा शोध त्या बैठकीतून लागला आणि पुढल्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रिकाम्या हाताने आणि रिकाम्या खिशाने केलेले एवढे मोलाचे काम मला दुसरे आठवत नाही.

आमच्या पेटीत फाल्गुनात जोडपे राहावयास आले. गवत, दोऱ्यांचे तुकडे, कोंबडीची पिसे आणि त्यांच्यामध्ये कडुनिंबाची ताजी पाने असे अस्तर मादीने रचले. ही पाने घरट्यातील उपद्रवी कीटकांना आळा घालण्यासाठी असावीत, असे काही अभ्यासक मानतात. रोज सकाळी एक याप्रमाणे चार अंडी झाली. दिवसा नरही अधूनमधून अंड्यांवर बसे, रात्रीचा पहारा मात्र केवळ मादीचा. पिले बाहेर आली ती आंधळी, गुलाबी, पिसांवाचून. चोचीच्या कडा तेवढ्या पिवळ्याधमक. भरवून झाले की मादी क्षणभर थांबते, पिलू शेपटीकडचा भाग वर उचलते, आणि पातळ आवरणात बांधलेली पांढरी मलपिशवी ती चोचीत धरून बाहेर नेते, इतकी स्वच्छता त्या दोन वितींच्या जागेत मी डोळ्यांनी पाहिली.

परंतु सर्वांत महत्त्वाचे दिसले ते चोचीत काय येते हे. अंगणात आम्ही बाजरी-तांदूळ ठेवीत होतो. मोठ्या चिमण्या ते टिपत, पिलांच्या तोंडी मात्र पहिले कित्येक दिवस हिरव्या अळ्या, नाकतोडे आणि कोळी यांखेरीज क्वचितच काही पडले. कोवळ्या देहाला लागणारी प्रथिने दाण्यांतून भागत नाहीत. तेव्हा पेटी टांगून आणि मूठभर दाणे टाकून आपले कर्तव्य संपले, अशी जी समजूत शहरभर पसरली आहे, ती अपुरी आहे. ज्या बागेत अळी नाही तेथे चिमणीला घर असून उपयोग नाही. आमच्या अंगणातील जास्वंदीवर आणि कढीपत्त्यावर औषध मारणे मी थांबविले आहे. शेजारच्या सोसायटीत मात्र दर पंधरवड्याला फवारणी होते, आणि आमच्या जोडप्याच्या निम्म्याअधिक खेपा त्याच कुंपणाकडे असतात. विणीच्या हंगामापुरती ती फवारणी तहकूब करावी, असा रीतसर अर्ज मी तेथील चिटणीसांकडे दिला असून, त्यांची सभा येत्या रविवारी आहे. पिलांना अळ्या भरवतानाची चित्रे तेथे दाखविण्याची अनुमतीही मी त्याच अर्जात मागितली आहे.