घाट कुणाचा, काठ कुणाचा?

नदीकाठ सुधारणार, पुरापासून बचाव होणार, काठ सर्वांना खुला होणार, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते : 'सर्व' म्हणजे कोण? आराखड्यात फिरायला आलेला माणूस असतो, बाकडी असतात, कारंजं असतं. धुणं घेऊन येणारी बाई कुठं असते?

मी जळकोटची. आमच्या आणि मुखेड-कंधारकडच्या बायका नांदेडला जातात त्या दवाखान्यासाठी, नाहीतर पोटासाठी. कित्येकजणी सखल वस्तीत राहतात, कारण भाडं तिथंच परवडतं. गोदावरीचा काठ ही त्यांची कामाची जागा. धुणं, गोधड्या, वाळवण, भाजीची पाटी, सगळं तिथंच.

२००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा आला. रस्ते, घाट झाले. भाविकांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं, हे तेव्हा दिसलं. मग खडकपुरा, देगावचाळ, नावघाट इथल्या घरांत पाणी शिरणं का थांबलं नाही?

नांदेडचा पूर नुसता आभाळातून येत नाही. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी, त्याच्याही वर जायकवाडी. दरवाजे उघडले की पाणी वस्तीत येतं. इशारा मोबाइलवर येतो, आणि मोबाइल पुरुषाच्या खिशात! घरी असते ती बाई, लेकरं आणि म्हातारी सासू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात, हसनाळला रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली. लेंडी प्रकल्पाचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलेलं. याला निसर्गाचा कोप कसं म्हणायचं?

आता सगळ्या शहरांना साबरमतीसारखा काठ हवा आहे. तिथं दोन्ही बाजूंनी भिंती घालून नदी २६३ मीटरच्या मापात बसवली. पाणी नर्मदेच्या कालव्याचं. काठावरची हजारो कुटुंबं उठवून लांब नेली. घर मिळालं, पण धुण्याभांड्याची कामं मागं राहिली. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठासाठी तसाच प्रकल्प सुरू आहे. भराव घालून नदीचं पात्र आवळू नका, असं तिथले नागरिक ओरडून सांगताहेत. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. नदीला जागा दिली नाही, तर ती घरात जागा घेणारच.

कुणी म्हणेल, बायका धुणं धुऊन नदी घाण करतात. शहराचे नाले नदीत सोडले कुणी? बाईच्या पाटीभर धुण्यावर बोट ठेवणं फार सोपं आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पूररेषेत भराव आणि नवी बांधकामं नकोत. वस्ती हलवायचीच असेल तर कामाच्या जवळ हलवा, आणि घर बाईच्याही नावावर करा. धुण्यासाठी वेगळा घाट, नळ, पाण्याचा निचरा, दिवे आणि रात्री उघडं राहणारं, फुकट संडास-न्हाणीघर द्या. काठावर तिकीट आणि फाटक नको. पाणी सोडण्याआधी वस्तीत भोंगा वाजवा, आणि इशाऱ्याची जबाबदारी वस्तीतल्या बायकांच्या गटाला, मानधन देऊन, द्या.

१९९३ पासून महापालिकेत आपल्यासाठी राखीव जागा आहेत. नुसत्या सहीपुरत्या त्या मिळालेल्या नाहीत. मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या नदीचा आराखडा मागा. मराठीत मागा, वस्तीत बसून वाचा. ज्या आराखड्यात आपली पाटी ठेवायला जागा नाही, तो आपल्याला मंजूर नाही!