लाल शाईचा न्याय

बारावीचा निकाल लागला की आमच्या तळेघरच्या एस.टी. थांब्यावर चार दिवस एकच चर्चा चालते. कोणास किती गुण मिळाले हा प्रश्न मागे पडतो. ‘रसायनाचा पेपर फार कडक तपासला’ हे वाक्य मात्र प्रत्येकाच्या तोंडी असते. मी जन्मभर संस्कृत शिकविले. माझे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. तेव्हा रसायनशास्त्राच्या गुणांविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु २०२५ च्या मे महिन्यात एक उत्तरपत्रिका माझ्या ओटीवर चालत आली आणि तिने मला माझ्याच एका जुन्या अपराधाची आठवण करून दिली. म्हणून हे सदर या वेळी तिच्यासाठी राखून ठेविले आहे.

निकाल त्या वर्षी ५ मे रोजी लागला. पुढे काही दिवसांनी जवळच्या वाडीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. ते दिवस हिरड्याचे. अंगणात वाळत घातलेला माल तसाच टाकून ते आले होते. मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. पुढे घोडेगावी वसतिगृहात राहून तिने विज्ञान शाखा घेतली, आणि तेथे सारेच इंग्रजी. लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रात्यक्षिक ३० गुणांचे. लेखी परीक्षेत ५५ तरी पडतील अशी तिची खात्री होती. हाती आले ४१.

‘गुरुजी, पोरीवर अन्याय झालाय. फेरतपासणीचा अर्ज तेवढा तुम्ही लिहून द्या,’ असे म्हणून त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत माझ्यापुढे ठेविली.

पुनर्मूल्यांकन मागावयाचे तर आधी छायाप्रत घ्यावी लागते व ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. तक्रार करण्यापूर्वी आपले लिखाण आपणच एकदा शांतपणे वाचावे, असा त्याचा मथितार्थ. मी मुलीला म्हटले, ‘बाळ, अर्ज मी अवश्य लिहीन. पण कोणते गुण मागावयाचे ते आधी तू मला दाखव.’ प्रश्नपत्रिका तिने जपून ठेविली होती. आम्ही दोघे चौदा गुणांचा शोध घेऊ लागलो.

पहिले चार गुण पहिल्याच पानावर सापडले. पर्यायी उत्तरांच्या दहा प्रश्नांपैकी चारांत तिने केवळ अक्षर लिहिले होते. प्रश्नपत्रिकेच्या आरंभीच्या सूचनांत स्वच्छ छापले होते की, पर्यायाचे अक्षर व उत्तर अशी दोन्ही लिहिणे बंधनकारक आहे. नुसते अक्षर वा नुसते उत्तर लिहिल्यास गुण मिळणार नाही. चारही अक्षरे बरोबर होती. गुण शून्य!

तीन गुण असमतोल समीकरणांत गेले. दोन गुण एककांत गेले, चार ठिकाणी अर्धा अर्धा. प्रक्रियेचा अर्धायुकाल ३० मिनिटे असेल तर तिचा वेगस्थिरांक ०.०२३१ येतो, तिने तेवढेच लिहून खाली रेघ मारली होती. ‘प्रति मिनिट’ हे दोन शब्द नाहीत. कोणी ते ‘प्रति सेकंद’ असे वाचले तर तीच प्रक्रिया साठपट वेगाने धावेल! आणखी एका ठिकाणी तीन भेद विचारले असता एकच भेद तीन प्रकारांनी सांगितला होता. तेथे दोन गुण गेले. एका गणितात लॉगॅरिथमच्या कोष्टकातील ओळ चुकली होती. या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, कोष्टकावरच निभावावे लागते. मात्र येथे परीक्षकाने सूत्राचा व मांडणीचा गुण देऊन तीनांपैकी एकच कापला होता. ज्याला आम्ही कडक म्हणत होतो, त्याचा हात येथे सैल झाला होता, हे मुलीनेच मला दाखविले.

बारा गुणांचा हिशेब लागला. राहिले दोन, आणि खरी गोष्ट त्या दोहोंत आहे.

प्रश्न असा होता : इथेनॉल व डायमिथिल ईथर यांचे रेणुसूत्र एकच असता त्यांच्या उत्कलनबिंदूंत एवढा फरक का? इथेनॉल ७८ अंशांना उकळते, ईथर शून्याखाली सुमारे २४ अंशांनाच. मी मुलीला तोंडी विचारले. ती मराठीत घडाघडा बोलली : ‘ईथरपेक्षा इथेनॉल जास्त तापमानाला उकळतं, गुरुजी. इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवायला उष्णता जास्त लागते.’ उत्तर निर्दोष होते. मग कागदावर पाहिले. तेथे इंग्रजी वाक्याचा अर्थ होत होता : ईथर हे इथेनॉलपेक्षा जास्त तापमानाला उकळते! आपल्या भाषेत ‘ईथरपेक्षा’ हा शब्द आधी येतो. तिने शब्दांचा तोच क्रम इंग्रजीत ठेविला. इंग्रजीत जो आधी येतो तो कर्ता होऊन बसतो. कारणही त्याच ओघात ईथरच्या पदरी गेले. ज्ञान सुलटे, वाक्य उलटे.

संस्कृत शिकलेल्या माणसाला येथे त्वष्ट्याची कथा आठवल्यावाचून राहत नाही. इंद्राचा घात करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ मांडला. परंतु ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्राचा मारेकरी होण्याऐवजी ज्याचा मारेकरी इंद्र आहे असा वृत्र जन्मास आला. पतंजलीने महाभाष्यात व्याकरणाचे प्रयोजन सांगताना हीच कथा घेतली आहे. त्वष्ट्याच्या मनात काय होते ते अग्नीने विचारले नाही; उच्चारले ते फळाला आले. परीक्षकापुढेही कागदच असतो, मुलीचे मन नसते.

मग कडकपणा योग्य की अयोग्य? माझे मत असे झाले आहे की, रसायनशास्त्रात तो अपरिहार्य आहे. द्रव्य निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हे लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात तत्त्व म्हणून मांडिले. असमतोल समीकरण म्हणजे त्या तत्त्वाचाच भंग, शुद्धलेखनाची चूक नव्हे. शिवाय सैल हाताचा लाभ कोणाला होतो तेही पाहावे. दया दाखवू लागलेला डोळा सुंदर अक्षराकडे व सफाईदार इंग्रजीकडे वळतो. तळेघरच्या मुलीकडे नव्हे. तिला ठरलेल्या मोजमापाचेच संरक्षण आहे. आणि हे मोजमाप मुले नापास करण्यासाठी नाही. बारावीचा एकूण निकाल २०२४ साली ९३.३७ टक्के होता, २०२५ साली ९१.८८ टक्के.

परंतु या न्यायाला एक अट आहे, आणि ती मी स्वतः मोडलेली आहे.

१९९४ साली नववीच्या वार्षिक परीक्षेत मी संस्कृतचा पेपर तपासला. प्रत्येक गळलेल्या विसर्गास व अनुस्वारास अर्धा गुण कापावयाचा, असे मी मनाशी ठरविले होते. वर्गात मात्र ते एकदाही सांगितले नव्हते. एका मुलाला ३३ गुण पडले; हवे होते ३५. त्याला अर्थ सारा येत होता. मी माझ्या काटेकोरपणावर खूश होतो. जूनमध्ये तो मुलगा शाळेत आलाच नाही. माझे मोजमाप खोटे नव्हते, पण ते मी माझ्याच खिशात ठेविले होते. न सांगितलेला नियम लावणे हा न्याय नव्हे. तो सापळा होय.

तो मुलगा म्हणजेच माझ्या ओटीवर छायाप्रत घेऊन बसलेला हा बाप. एकतीस वर्षांत या गोष्टीचा आमच्यात शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी मी तो काढला. ते थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ‘गुरुजी, ते राहू द्या आता. पोरीचं बघा.’

मी म्हटले, ‘अर्ज करण्याचा अधिकार तुमचा आहे. सांगाल तर आत्ता लिहितो. पण कोठे गुण मागावेत ती जागा मला दिसत नाही.’ मुलगीच म्हणाली, ‘नको, गुरुजी. मी पुन्हा बसते.’ उत्तीर्णांनाही श्रेणीसुधारासाठी जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेस बसता येते. तिने तो अर्ज भरला. पुढचे कित्येक दिवस ती संध्याकाळी येत असे. रसायन मला येत नाही. मी तिच्याकडून एवढेच करवून घेई : मराठीत एक वाक्य बोलावे, इंग्रजीत लिहावे, आणि लिहिलेले पुन्हा मराठीत वाचून दाखवावे. उलटे वाक्य अशा वेळी तिलाच ऐकू येई व ती हसत असे. एके दिवशी तिने हिरड्याचा काढा आणून त्यात हिराकस टाकला, काळी शाई करून दाखविली, आणि टॅनिन व लोह यांचे नाते मला समजावून दिले. त्या शाईने तिने लिहिलेले एक समीकरण माझ्या वहीत आहे. दोन्ही बाजू मी मोजून पाहिल्या, समतोल आहेत.

वाचकांच्या घरी यंदा कोणी बारावीस असेल तर एवढे करावे. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन मुलाजवळ बसावे व प्रश्नांच्या आधी छापलेल्या सूचना त्याला मोठ्याने वाचावयास लावाव्या. घरात रसायन जाणणारा कोणी नसला तरी चालेल. त्या सूचना आजीआजोबांनाही ऐकता येतात. आणि जे शिक्षक असतील त्यांनी आपली लाल शाई परीक्षेच्या आधीच वर्गात दाखवावी.