पत्रपेटीवरचं नाव

हल्ली आमच्या संत तुकाराम नगरात संध्याकाळी बाकावर बसलं की कुणाचा ना कुणाचा नातू जर्मनीला निघालेला असतो. त्यात नवल नाही. फोक्सवॅगनने २००९ साली चाकणला कारखाना सुरू केला, मर्सिडीजही तिथेच आहे. जर्मन माणसं इकडे आली, आता आपली पोरं तिकडे शिकायला जातात. माझी नातही गेल्या वर्षी गेली.

पैशाची जुळवाजुळव आम्ही केली होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खास खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. पदवीची कागदपत्रं तपासल्याचा एपीएसचा दाखला २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा आहे, तोही मिळवला. वाटलं, गंगेत घोडं न्हालं!

पण घोडं अडलं ते नावात.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, शेवटी वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळं, नाव वेगळं. तिथल्या एका कार्यालयाने गुणपत्रिका बघून नोंद केली आणि शेवटचा शब्द तोच आडनाव असं धरलं. झालं! माझी नात कागदोपत्री कुमारी दत्तात्रय झाली. दत्तात्रय माझा मुलगा, तिचा बाप.

तिकडे टपालवाला पत्रपेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आमचं आडनाव, पाकिटावर दत्तात्रय. पाकीट परत गेलं. एकदा नाही, दोनदा. त्यात विम्याचा कागद होता. तो नाही म्हणून राहण्याच्या परवान्याचा अर्ज अपुरा. नाव दुरुस्त करा म्हटलं तर ते म्हणाले, आधी दुसरीकडचा कागद आणा. दुसरीकडचे म्हणाले, पहिल्यांचा आणा. व्हिसाची मुदत संपत आलेली. अखेर मुदतीच्या आत अर्ज गेला. पक्का परवाना मिळेपर्यंत एक तात्पुरता कागद देतात, त्याच्या जर्मन नावातच 'फिक्शन' आहे, म्हणजे परवाना आहे असं मानून चालायचं! पण तोही हातात यायला वेळ लागला, आणि तोवर देश सोडू नकोस असा सल्ला तिला मिळाला.

त्याच दिवसांत ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. आजोबांची लाडकी नात. तिने फोनवरून पाहिलं. पान वाढताना माझं लक्ष त्या फोनकडेच होतं. बोलली काहीच नाही, नुसती बघत होती.

राग आला, खूप आला. पण त्या रात्री मला माझाच एक विद्यार्थी आठवला.

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. दहावीच्या बोर्डाचे अर्ज वर्गशिक्षक म्हणून मीच भरून घेत असे. साठ साठ मुलं, शेवटची तारीख उद्यावर. कुणाच्या बापाच्या नावात इंग्रजी 'ए' एक की दोन, हे कोण विचारतंय? असाच एक मुलगा शाळा सोडून काही वर्षांनी आला. चाकणला कंपनीत होता, बाहेर जायची संधी आली होती, आणि दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांनाही परस्पर बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मी त्याला म्हटलं, "नियम आहे बाळा." पेपर तपासत होते, मान वर केली नाही. पुढे त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

म्हणून मला वाटतं, नियमाला दोष देण्यात अर्थ नाही. नियम हवेतच. बोगस कागद आपल्याकडे कमी निघालेत का? चूक आहे ती मान वर न करण्यात. खिडकीमागच्या माणसाने कागदावरचं नाव आणि समोरचं माणूस एकदा ताडून पाहावं, आणि काय काय लागेल ते एकाच वेळी लिहून द्यावं. एवढ्याने निम्मे हेलपाटे वाचतील, तिकडचेही आणि इकडचेही. त्यासाठी नवा कायदा नको.

आणि घरच्यांनीही, मुलगा दहावीच्या अर्जावर सही करायला आला की घाईत सही ठोकू नये. नावातलं अक्षर अन् अक्षर वाचावं. पुढे ते अक्षर सात हजार किलोमीटरवर अडवतं.

असो. नातीचा परवाना आला. नावाची दुरुस्ती मात्र अजून चालूच आहे. तोवर तिने स्वतःच उपाय केला. पत्रपेटीवर आडनावाखाली कागद चिकटवून 'दत्तात्रय' लिहिलं. फोटो पाठवला होता. माझ्या मुलाने तो दहा वेळा बघितला. टपालवाल्याला वाटत असेल, इथे दोघं राहतात.