पांढरा कोट म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे

"औषध देणारा जीव कसा घेईल?" असं अनेकांना वाटतं. हा भाबडेपणा सोडा.

व्हिक्टर कापेसियस हा ट्रान्सिल्व्हेनियातला जर्मन वंशाचा फार्मासिस्ट. आधी बायर कंपनीची औषधं विकायचा. १९४४ मध्ये ऑशविट्झच्या फलाटावर तो ओळखीच्या डॉक्टरांनाच निवडीच्या रांगेत भेटला. त्यांच्या बायकामुलांना गॅस चेंबरकडे धाडलं. युद्धानंतर जर्मनीत ग्योपिंगेनला पुन्हा औषधाचं दुकान थाटलं! कोर्टात 'तो मी नव्हेच'चा पवित्रा. १९६५ मध्ये शिक्षा झाली अवघी ९ वर्षं.

विष कोणतं नि औषध कोणतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पदवी ज्ञान देते, विवेक देत नाही. म्हणून डॉक्टर किंवा केमिस्ट जात-धर्म पाहून रुग्णाला हिणवत असेल, तर भिंतीवरची पदवी बघून गप्प बसू नका. तिथंच टोका.